कोड वाचला, पार्ट लगेच बदलू नका: जुन्या डिझेल एसयूव्हीची प्रश्नोत्तरे

प्रश्न: २०११ ची स्कॉर्पिओ आहे, १ लाख ७० हजार किलोमीटर झालेत. खंबाटकी चढताना इंजिनाचा दिवा लागतो आणि पिकअप जातो. बंद करून चालू केली की पुन्हा नीट चालते. स्कॅनरवर पी००८७ आला. हाय-प्रेशर पंप बदलायला सांगतायत. बदलू का? (सातारा)

इतक्यात नको. पी००८७ चा अर्थ एवढाच, की ईसीयूने (इंजिनाच्या कंट्रोल कॉम्प्युटरने) मागितला तेवढा डिझेलचा दाब रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीत, तयार झाला नाही. तो कुठे कमी पडला, हे आपल्याला शोधायचं आहे. घाटात डिझेलची मागणी एकदम वाढते, म्हणून सपाटीवर झाकलेला दोष तिथे उघडा पडतो.

सुरुवात डिझेल फिल्टरपासून करा. तळाचा स्क्रू सैल करून पाणी काढा, फिल्टर जुना असेल तर सरळ नवा टाका. मग फिल्टर आणि पंपाच्या मध्ये डिझेलला चालणाऱ्या पारदर्शक पाइपचा तुकडा बसवून बघा. इंजिन चालू असताना त्यात बुडबुडे सतत दिसत असतील तर गाडी हवा घेतेय: क्लिप, ओ-रिंग, हातपंप, टाकीपासून येणारा पाइप, यातलं काहीतरी.

हवा नसेल तर इंजेक्टरची रिटर्न तपासणी. चारही इंजेक्टरचे रिटर्न पाइप काढून तिथे सारख्या मापाच्या चार बाटल्या जोडा, रिटर्न लाइनचं मोकळं तोंड बंद करा आणि इंजिन पाच मिनिटं आयडलला ठेवा. एका बाटलीत इतरांच्या दुप्पट किंवा जास्त डिझेल जमलं तर संशय त्या इंजेक्टरवर. चारही सारखे आणि कमी असतील, तरी दाब चढत नसेल, तर पंपावरचा मीटरिंग व्हॉल्व्ह (पंपात किती डिझेल जायचं ते ठरवणारा) बघा. पंपाचा नंबर त्यानंतर. गरम इंजिनाला आयडलवर साधारण २५० ते ३५० बार दाब दिसतो, पण खरी परीक्षा चढावर. शेजारी बसलेल्याला स्कॅनरवर मागितलेला आणि प्रत्यक्ष दाब नोंदवायला सांगा.

जुना फिल्टर फेकण्याआधी कापून बघा. आत चकाकणारा धातूचा कीस असेल तर पंप आतून झिजतोय. अशा वेळी नुसता पंप बदलून भागत नाही. रेल, पाइप आणि टाकी साफ करावी लागते, इंजेक्टर तपासावे लागतात. नाहीतर तोच कीस नव्या पंपाला आणि इंजेक्टरना खातो.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो: इंजिन चालू असताना हाय-प्रेशर पाइपचा नट सैल करू नका, गळती हाताने चाचपू नका. ती बारीक धार कातडी भेदून आत जाते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसली तरी ताबडतोब रुग्णालय गाठा.

प्रश्न: इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून ऑइल ठिबकतं. मागचं क्रँक सील (क्रँकशाफ्टच्या टोकाशी ऑइल अडवणारी रिंग) गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल म्हणतात. (नाशिक)

उतरवण्याआधी वर बघा. ऑइल खाली ओघळतं आणि गाडी धावताना वाऱ्याने मागे सरकतं, त्यामुळे टॅपेट कव्हरचा मागचा कोपरा, व्हॅक्यूम पंपाची ओ-रिंग किंवा टर्बोचा रिटर्न पाइप गळत असला तरी थेंब सांध्यातूनच पडतो. डिग्रीझरने इंजिन धुऊन सुकवा, संशयाच्या जागांवर टाल्कम पावडर मारा, २० किलोमीटर चालवा आणि टॉर्चने वरून खाली बघत या. सगळ्यात वरची ओली जागा हाच उगम.

ब्रीदर पाइपही तपासा; क्रँककेसमधले (इंजिनाच्या खालच्या भागातले) वायू त्यातून बाहेर पडतात. तो चोंदला की क्रँककेसमधला दाब सील बाहेर ढकलतो. मग नवं सीलही काही महिन्यांत गळू लागतं, आणि दोष विनाकारण सीलवर जातो. सीलच निघालं तर गिअरबॉक्स खाली आहे तोवर क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंग बघून घ्या; मजुरी एकदाच पडते.

प्रश्न: कूलंट महिन्याला अर्धा लिटर कमी होतं, खाली थेंबही दिसत नाही. (कोल्हापूर)

थंड इंजिनावर प्रेशर टेस्टर लावा, झाकणावर छापलेल्या दाबापर्यंत पंप करा आणि १५ मिनिटं सोडा. काटा उतरला तर वॉटर पंपाच्या छोट्या छिद्राखालचा सुकलेला डाग, होजची टोकं आणि पुढच्या सीटखालचं कार्पेट बघा. कार्पेट ओलं आणि काचेवर गोडसर वासाची वाफ, म्हणजे हीटर कोअर (केबिन गरम करणारा छोटा रेडिएटर) गळतोय. बाहेर काहीच नाही, पण सकाळी सुरू करताना गोडसर वासाचा पांढरा धूर येत असेल तर ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडायचा एक्झॉस्ट वायू कूलंटने थंड करणारा भाग) आतून फुटलेला असू शकतो. हेड गॅस्केटवर संशय घेऊन इंजिनाचं हेड उघडण्याआधी हा कूलर काढून पाण्यात बुडवा आणि हवेच्या दाबाने तपासा. तोवर नळाचं पाणी भरू नका, क्षार बसतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मंनिम्मं.

प्रश्न: पी०४०१ येतो. ईजीआर साफ केला, महिन्याभरात परत आला. पत्रा लावून बंद करू का? (पुणे)

नको. धुरातले नायट्रोजन ऑक्साइड वायू वाढतात, आणि परत येणाऱ्या एक्झॉस्ट वायूचा प्रवाह कमी असल्याची तक्रार करणारा हा कोड प्रवाह बंद केल्यावर जाईल कसा? बऱ्याच डिझेल इंजिनांत ईसीयू हा प्रवाह एअर-फ्लो सेन्सरवरून मोजतो, म्हणून सेन्सर त्याच्यासाठी मिळणाऱ्या क्लीनरने धुवा, एअर फिल्टर बघा. नुसता व्हॉल्व्ह साफ करून मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) रस्ता काजळीने भरलेला राहिला असेल तर कोड परत येणारच. मॅनिफोल्ड उतरवून खरवडा, बसवताना गॅस्केट नवं टाका. काजळी सुकी नसून डांबरासारखी चिकट असेल तर ब्रीदरमधून ऑइल येतंय, आधी ते थांबवा.