‘वर्गात विचारलं तर काय सांगू?’

‘अजून गोळ्या चालू आहेत, आत्ताच कशाला शाळा? औषधं संपली की बघू.’ कॅन्सरचे उपचार चालू असलेल्या मुलांचे आईवडील माझ्याकडे सल्ल्यासाठी येतात, तेव्हा बहुतेकांचं हे घरून ठरवूनच आलेलं असतं.

त्यांची भीती खोटी नाही. पण हिशेब करून बघा. मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर रक्ताचा, त्यातही अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, ज्याला वॉर्डात सगळे ‘एएलएल’ म्हणतात. त्याचे उपचार दोन ते तीन वर्षं चालतात. पहिले काही महिने केमो जोरात असते, सारखं अ‍ॅडमिट व्हावं लागतं. तेव्हा शाळेचा विषय कुणी काढत नाही, काढूही नये. त्यानंतर लांबलचक मेंटेनन्स, म्हणजे आजार परतू नये म्हणून चालणारे सौम्य उपचार. रोज सिक्स-एमपी या औषधाची गोळी, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट हे दुसरं औषध, अधूनमधून पाठीतलं इंजेक्शन आणि रक्ताची तपासणी. काउंट्स, म्हणजे रक्तातल्या पेशींचे आकडे, ठीक असतील तर या टप्प्यावर डॉक्टर स्वतःच शाळेची परवानगी देतात. औषधं संपेपर्यंत थांबायचं म्हटलं तर आठव्या वर्षी आजारी पडलेलं मूल दहाव्या-अकराव्या वर्षी वर्गात पाऊल ठेवणार. तोवर सोबतचे सगळे पुढे गेलेले.

मीराचं असंच चाललं होतं. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) फलटणजवळचं गाव, वडील दुधाच्या टेम्पोवर, मीरा चौथीत. सुरुवातीचे उपचार मुंबईत परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये झाले, तेव्हा मायलेकी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिल्या. मेंटेनन्स पुण्यात सुरू झाला. जूनमध्ये डॉक्टरांनी ‘पाठवा शाळेत’ म्हणून सांगितलं. गणपती आले तरी मीरा एकदाही गेली नव्हती. दप्तर भरलं की पोटात दुखायचं.

‘केसांचं आहे हो सगळं,’ आई म्हणाली. शाळेत मुलींना दोन वेण्या आणि लाल रिबिनी सक्तीच्या. मीराचे केस जेमतेम बोटभर उगवलेले. म्हणून आईने पुण्यातून विग आणला होता.

मी मीराला विचारलं, ‘वर्गात गेलीस की तुझ्याशी पहिलं कोण बोलेल?’

‘श्रेया.’

‘काय विचारेल?’

‘कुठं होतीस म्हणेल.’

‘मग तू काय सांगशील?’

तिने आईकडे बघितलं. ‘कावीळ झालेली म्हणायचं.’ मग जरा थांबून, ‘पण श्रेयाच्या भावाला झालेली कावीळ. तो महिन्यात शाळेत आला. त्याचे केस पण नव्हते गेले.’

पोटदुखी इथे होती. विग घालून केस झाकता आले असते, पण काविळीची गोष्ट श्रेयासमोर पाच मिनिटंही टिकली नसती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. शाळेत गेलं की पहिल्याच दिवशी आपण खोटारडे ठरणार, आणि खरं सांगायची घरातून परवानगी नाही.

कावीळ ही आजीची सूचना. ‘पोरीची जात आहे. उद्या लग्नाच्या वेळी लोक हेच उकरून काढतील.’ आजीला अडाणी म्हणून मोकळं होणारे पुष्कळ भेटतात, मला ते पटत नाही. गावात सोयरीक मोडताना तिने पाहिलेली असते. पण नऊ वर्षांच्या मुलीने विशीतल्या लग्नासाठी आजच खोटं सांभाळत बसायचं, हे ओझं तिला झेपणारं नाही, एवढं मी आजीला स्पष्ट सांगितलं.

आजाराचं नाव घरात मीराजवळही कुणी घेतलं नव्हतं. आईवडिलांच्या संमतीने मी तिच्याशी एकटीशी बोलले आणि तुला काय झालंय असं विचारलं. ती लगेच म्हणाली, ‘ब्लड कॅन्सर. धर्मशाळेत सगळ्यांना कॅन्सरच असतो की. पण आईला नका सांगू मला माहितीये म्हणून, ती रडते.’ मोठ्या माणसांना वाटतं आपण मुलाला जपतोय. बहुतेक वेळा मूलच त्यांना जपत असतं. हे आईला मी सांगू की तू सांगशील, असं विचारलं तर ‘तुम्हीच सांगा, मी बाहेर थांबते’ म्हणाली. आई रडली, अर्थातच. दहा मिनिटांनी मीरा आत आली आणि तिने आधी बिस्किटं मागितली. स्टेरॉइडच्या गोळ्यांचा आठवडा होता, त्यात भूक फार लागते.

मग आम्ही उत्तर तयार केलं. ते तिनेच केलं, मी फक्त श्रेया झाले. दोन-तीनदा फिस्कटल्यावर जमलं: ‘माझ्या रक्तात आजार झाला होता. अजून औषध चालू आहे. तो दुसऱ्याला लागत नाही.’ पुढे कुणी खोदून विचारलं तर ‘मला आत्ता त्यावर बोलायचं नाही’ असंही म्हणता येतं, हे तिला नवीनच होतं. ते वाक्य तिने चार वेगवेगळ्या आवाजांत म्हणून पाहिलं. ‘कॅन्सर’ हा शब्द वर्गात नको, श्रेयाला मात्र ती स्वतः सांगणार, असं तिने ठरवलं. आजीलाही ‘रक्ताचा आजार’ चालण्यासारखं होतं. मुख्याध्यापक आणि वर्गाच्या बाई यांना मात्र सगळं सांगायचं, यावर मी अडून बसले. सगळ्यांना सगळं सांगायची गरज नसते. जे सांगू ते खोटं नसावं.

शाळेत मी आईवडिलांसोबत गेले. मुख्याध्यापक माणूस बरा, पण घाबरलेला. ‘वर्गात काही झालं तर जबाबदारी कुणाची? त्यापेक्षा यंदा नाव कमी करू, पुढच्या वर्षी बघू.’ शिक्षणहक्क कायदा, 2009 नुसार आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, हे मला सांगता आलं असतं. ती वेळ आली नाही. त्यांना काय करायचं ते लिहून हवं होतं, आणि डॉक्टरांचं पत्र आम्ही नेलंच होतं.

पत्र एक पानाचं होतं. ताप 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त आला, तर तो हिच्या बाबतीत तातडीचा प्रसंग. पॅरासिटामॉलची गोळी देऊन वाट बघायची नाही, लगेच घरी फोन. गोळीने ताप उतरतो, आतलं इन्फेक्शन तसंच राहतं. वर्गात कुणाला कांजिण्या किंवा गोवर निघाला, तर त्याच दिवशी कळवायचं, कारण संरक्षण देणारं औषध ठरावीक मुदतीतच द्यावं लागतं. पाण्याची बाटली घरची. शाळेची खिचडी गरम आणि ताजी असेल तर चालेल. विन्क्रिस्टिन या औषधाने पायाच्या नसा कमजोर होतात, पाऊल अडखळतं, म्हणून पळण्याच्या शर्यती आणि जिन्यातली ढकलाढकली नको. त्याच औषधाने हातही लवकर दमतो, तेव्हा शुद्धलेखन निम्मं घेतलं तरी पुरे. स्टेरॉइडच्या दिवसांत ती मधेच खायला मागेल, क्षुल्लक कारणावरून रडेल. ते हट्ट समजू नये. बाईंनी शेवटचा मुद्दा दोनदा वाचला आणि वर्गाच्या कॅलेंडरवर त्या तारखांना पेन्सिलीने टिंबं काढली.

मीरा येण्याच्या आदल्या दिवशी, तिच्या परवानगीने, मी वर्गाशी बोलले. पहिला प्रश्न होता, तिच्या डब्यातलं खाल्लं तर आम्हाला होईल का. नाही होणार. उलट तुमची सर्दी तिला लवकर लागेल, म्हणून हात धुवा आणि शिंकताना तोंड वळवा. दुसरा, तिने काय केलं म्हणून झालं? काहीच नाही. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, ‘ती मरणार का?’ बाई त्याच्यावर डोळे वटारणार तेवढ्यात मी म्हटलं, चांगलं विचारलंस. आजार मोठा आहे, पण त्यावर औषध आहे, तिचं औषध नीट चाललंय आणि या आजारातून पुष्कळ मुलं पूर्ण बरी होतात. मुलांना खोटी हमी लगेच कळते, म्हणून ‘काही होणार नाही’ असं मी म्हणत नाही.

सुरुवातीला तिला मधल्या सुट्टीपर्यंतच बसवलं, दिवाळीनंतर पूर्ण दिवस. विग उकाड्यात खाजायला लागला तसा कपाटात गेला, आणि बाईंनी रिबिनींचा नियम तिच्यापुरता बाजूला ठेवला. गणितात ती मागे आहे. काही मुलांत पाठीतून दिलेल्या, मेंदूपर्यंत पोहोचणाऱ्या औषधामुळे लक्ष टिकणं आणि कामाचा वेग यांवर परिणाम होतो. त्यामुळे ‘वर्षभर शाळा बुडाली म्हणून’ एवढ्यावर सोडून न देता पुढची काही वर्षं लक्ष ठेवा, असं पालकांना सांगितलंय.

जानेवारीत एका दुपारी वर्गातच तिला ताप आला. बाईंनी थर्मामीटर लावला, गोळी दिली नाही, फोन केला. पुण्यात अ‍ॅडमिट, सलाइनमधून अँटिबायोटिक. आजी म्हणाली, ‘सांगत होते ना!’ आईवडील पुन्हा माझ्यासमोर बसले, शाळा बंद करावी का म्हणून. काउंट्स घसरलेले असताना बरीचशी इन्फेक्शन मुलाच्या स्वतःच्या आतड्यातल्या आणि कातडीवरच्या जंतूंमुळे होतात. घरात कोंडलं तरी ते सोबतच असतात. आधीच्या वर्षी घरीच असताना तिला असा ताप येऊन गेलाच होता, हे वडिलांनीच आठवून सांगितलं. काउंट्स वर आल्यावर ती परत गेली.

फेब्रुवारीत आईचा फोन आला. गॅदरिंगमध्ये मीराला कोळीनृत्यात घेतलंय, पाठवू का? डॉक्टरांना त्या आठवड्याचे काउंट्स दाखवा, म्हटलं, आणि मेकअपचं सामान तिचं वेगळं ठेवा. ते तिने आधीच आणलं होतं.