वाचकांचे प्रश्न : अंदमानात बिऱ्हाड हलवायचे आहे

प्रश्न : आम्ही नाशिकचे. माझे वय 29, पत्नीचे 27, लग्नाला दोन वर्षे झाली आहेत. जानेवारीत आम्ही अंदमानला जाऊन आलो आणि हॅवलॉक बेटावर राहिलो, तेव्हापासून तिथेच कायमचे राहायला जावे असे दोघांनाही वाटू लागले आहे. मी पुण्यातील एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. माझे काम पूर्णपणे घरून चालते, ग्राहक अमेरिकेतील असल्यामुळे बैठका संध्याकाळी आणि रात्री होतात, आणि कंपनीची हरकत नाही. पत्नी अनुदानित माध्यमिक शाळेत गणित शिकवते, तिला तिथे काहीतरी काम मिळेलच. आधी हॅवलॉकला भाड्याचे घर घ्यावे आणि पुढे थोडी जमीन घेऊन दोन खोल्यांचा होमस्टे काढावा, असा विचार आहे. आईवडील फार नाराज आहेत. इंटरनेट, घर, जमीन, दवाखाना आणि खर्च यांविषयी मार्गदर्शन करावे. — एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमच्या पत्रात स्वतःच्या कामाविषयी बरेच काही आहे आणि पत्नीच्या कामाविषयी एकच वाक्य आहे, म्हणून मी त्या वाक्यापासूनच सुरुवात करतो. तुमची नोकरी तुमच्याबरोबर समुद्र ओलांडून येणार आहे, त्यांची येणार नाही. अंदमानातील शाळा केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाशी, म्हणजे सीबीएसईशी संलग्न आहेत. शिकवण्याचे माध्यम इंग्रजी, हिंदी किंवा काही ठिकाणी बंगाली, तमिळ, तेलुगू असते, त्यामुळे मराठी माध्यमातील अनुभव तिथे जसाच्या तसा उपयोगी पडत नाही. सरकारी शाळांतील भरती बेटांच्या प्रशासनामार्फत होते, तिला वेळ लागतो, आणि त्या जागा बेटावर वाढलेल्या मुलामुलींना मिळाव्यात ही तिथल्या लोकांची भावना तीव्र आहे, जी मला रास्तही वाटते. काही हजार वस्तीच्या हॅवलॉकवर खासगी शिक्षणसंस्थांना फारसा वाव नाही. ऑक्टोबर ते मे या हंगामात हॉटेले आणि डायव्हिंगची केंद्रे माणसे घेतात, पण गणिताच्या शिक्षिकेने हॉटेलच्या स्वागतकक्षात बसावे हे दोघांना मनापासून चालणार आहे का, हे आधी बोलून घ्यायला हवे. घरात एकाचे काम भरपूर आणि दुसऱ्याचा दिवस रिकामा, अशी स्थिती लहान बेटावर शहरापेक्षा लवकर जाचू लागते, कारण तिथे मैत्रिणी, ग्रंथालय, शिकवण्या, माहेर असे दुसरे दरवाजे जवळ नसतात. म्हणून पत्नीने राजीनामा देऊ नये. शाळेच्या नियमांत बसत असेल तर बिनपगारी रजा घ्यावी आणि ती मंजूर झाल्याशिवाय तुम्ही घरमालकाला आगाऊ रक्कम देऊ नये.

याच कारणासाठी माझा दुसरा सल्ला असा की पहिले वर्ष हॅवलॉकला नव्हे, पोर्ट ब्लेअरला काढावे. सरकारी कागदांत 2018 पासून हॅवलॉकचे नाव स्वराज द्वीप आहे आणि सप्टेंबर 2024 पासून पोर्ट ब्लेअरचे नाव श्री विजयपुरम झाले आहे. बोलण्यात मात्र जुनी नावे अजून सर्रास चालतात, म्हणून मीही तीच वापरतो. पोर्ट ब्लेअरला खासगी शाळा आहेत, महाविद्यालय आहे, मोठे सरकारी रुग्णालय आहे आणि विमानतळ शहरातच आहे. हॅवलॉकला जायचे तर बोटीने दीड ते अडीच तास लागतात, तेव्हा मन झाले की शनिवार-रविवार तिथे जाता येईलच. मात्र सरकारी बोटींच्या स्वस्त तिकिटांत ‘आयलंडर’ ओळखपत्र असलेल्या रहिवाशांना सवलत आणि प्राधान्य असते, तुम्हाला ते नसेल, आणि खासगी बोटींचे भाडे त्याच्या कितीतरी पट असते. दर आठवड्याला राधानगरच्या किनाऱ्यावर जाण्याचे मनोराज्य करताना हा हिशेब मांडून पाहावा.

इंटरनेटची परिस्थिती सुदैवाने बदलली आहे. 2020 पूर्वी बेटांचा सगळा भार उपग्रहावर होता आणि साधा ईमेल उघडतानाही माणूस कंटाळून जाई. 10 ऑगस्ट 2020 रोजी चेन्नई ते अंदमान-निकोबार अशी सुमारे 2,300 किलोमीटरची समुद्राखालची केबल सुरू झाली आणि ती पोर्ट ब्लेअरखेरीज हॅवलॉक, रंगत, लॉंग आयलंड, लिटल अंदमान अशा बेटांपर्यंतही पोहोचली. त्यामुळे तुमच्या बैठका होऊ शकतील. पण वीज अजून मोठ्या प्रमाणात डिझेलच्या जनित्रांवर तयार होते आणि वादळी पावसात ती जाते, तेव्हा इन्व्हर्टर आणि दुसऱ्या कंपनीचे मोबाइल जोडणीचे कार्ड या दोन गोष्टींना चैन समजू नये. केबल तुटली तर दुरुस्तीला जहाज यावे लागते, हेही कंपनीला आधीच लेखी कळवून ठेवलेले बरे.

तुमच्या कामाच्या वेळांविषयी एक गोष्ट सहलीत लक्षात आली नसेल. अंदमान नाशिकच्या फार पूर्वेला आहे, पण घड्याळ मात्र भारतीय प्रमाणवेळेचेच आहे. त्यामुळे जूनमध्ये पहाटे पाचच्या सुमारास सूर्य उगवतो आणि डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास मावळतो. बाजार, शाळा, कार्यालये, शेजारीपाजारी सगळे या उजेडाप्रमाणे लवकर उठतात आणि लवकर निजतात, आणि तुम्ही मात्र मध्यरात्रीपर्यंत अमेरिकेशी बोलत बसणार. दुपारी बारापर्यंत झोपून उठलात तर हाती जेमतेम पाच-सहा तासांचा उजेड उरतो. ज्या समुद्रासाठी इतका खटाटोप करायचा तो रोज पाहायचा असेल, तर कंपनीशी बोलून निदान काही दिवस सकाळची पाळी मागून घ्या.

तुम्ही जानेवारीतले अंदमान पाहिले आहे, आणि जानेवारीत ते कोणालाही आवडते. नैऋत्य मोसमी पाऊस देशात सर्वांत आधी तिथेच, मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास पोहोचतो, आणि तो ओसरतो न ओसरतो तोच ईशान्येचा पाऊस येतो. वर्षाला सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो. कोकणातल्या माणसाला हा आकडा भिववणार नाही, पण कोकणात पाऊस साधारण चार महिन्यांत आटोपतो आणि इथे तो मेपासून डिसेंबरपर्यंत पुरवून पुरवून पडत राहतो. कपाटातल्या चपला, चामड्याचे पट्टे, पुस्तके, प्लायवुडचे फर्निचर यांवर बुरशी चढते, आणि खाऱ्या हवेने पंख्यापासून स्कूटरच्या साखळीपर्यंत सगळे गंजते. म्हणून नाशिकहून सोफा-पलंग जहाजाने नेण्याच्या भानगडीत पडू नका. कपडे, भांडी, संगणक आणि औषधे एवढेच न्यावे, बाकीचे तिथे जुने विकत घ्यावे. समुद्र खवळला की बोटी बंद होतात. डिसेंबर 2016 मध्ये अशाच हवामानात हॅवलॉक आणि नील बेटांवर शेकडो पर्यटक अडकून पडले आणि नौदल व तटरक्षक दलाला त्यांची सुटका करावी लागली. रहिवाशांची सुटका करायला कोणी येत नाही, ते घरातला साठा पुरवून खातात. तुम्ही मुक्काम हलवण्याआधी दोघांनी मिळून जून-जुलैचे काही आठवडे तिथे भाड्याच्या खोलीत राहून पाहावे, आणि त्या काळात तुम्ही नेहमीप्रमाणे काम करावे, रजा घेऊ नये.

इतका पाऊस पडणाऱ्या ठिकाणी पाण्याची टंचाई असेल हे ऐकून पाहुणे हसतात, पण उन्हाळ्यात पोर्ट ब्लेअरमध्ये नळाला रोज पाणी येत नाही. डोंगराळ जमिनीवरून पाणी झपाट्याने समुद्रात उतरते, साठवायला मोठ्या नद्या नाहीत, आणि शहराची भिस्त मुख्यतः धनीखारीच्या धरणावर आहे. घर पाहताना समुद्राचा देखावा नंतर पाहा, आधी टाकी किती लिटरची आहे आणि मार्चमध्ये किती दिवसांआड पाणी येते ते शेजाऱ्याला विचारा. घरमालकाला विचारून उपयोग नाही.

जमिनीबाबत माझे मत स्पष्ट आहे : निदान पहिली दोन वर्षे तो विषयच काढू नये. बेटांचा बहुतेक भाग नोंदलेल्या जंगलाखाली आहे, आदिवासींच्या राखीव क्षेत्रात बाहेरच्यांना प्रवेशच नाही, आणि जी थोडी महसुली जमीन उरते ती बरीचशी वसाहतीच्या काळात कुटुंबांना वाटलेली आहे. हॅवलॉकवरील गोविंदनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर ही गावे फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी वसवली, आणि त्या जमिनी आज त्यांच्या नातवंडांत वाटल्या गेल्या आहेत. एकाच तुकड्याचे अनेक वारस, त्यांतला एखादा कोलकात्याला, अशी अवस्था सर्रास आढळते. शेतीसाठी दिलेली जमीन होमस्टेला वापरायची तर वापर बदलून घ्यावा लागतो, आणि किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बेटांसाठीच्या स्वतंत्र किनारा नियमन अधिसूचनेची बंधने आहेत. जेटीवर भेटलेला कोणी ‘मेनलँडवाल्यांसाठी खास भाव’ सांगू लागला, तर चहा पिऊन निरोप घ्यावा. पुढे कधी व्यवहार केलाच, तर मूळ कागद तहसील कार्यालयात स्वतः तपासावेत आणि वकील तिथलाच करावा.

दवाखान्याचा प्रश्न तरुण जोडप्याला दूरचा वाटतो, पण तुमच्या वयात तो बाळंतपणाच्या रूपाने लवकरच समोर येऊ शकतो. पोर्ट ब्लेअरचे गोविंद बल्लभ पंत रुग्णालय हे संपूर्ण बेटसमूहाचे मुख्य रुग्णालय आहे आणि तिथे वैद्यकीय महाविद्यालयही झाले आहे, त्यामुळे नेहमीच्या गोष्टींची चिंता नको. गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियेसाठी मात्र लोक चेन्नई गाठतात. विमानाने ते दोन-सव्वादोन तासांचे अंतर आहे, जहाजाने जवळजवळ तीन दिवसांचे. हॅवलॉकवर प्राथमिक सोय आहे, आणि रात्री काही झाले तर हवामान अनुकूल असण्यावर बरेच अवलंबून राहते. आरोग्य विमा घेताना चेन्नईतील रुग्णालये त्यात आहेत का, हे पाहावे, आणि ऐनवेळच्या विमान तिकिटांपुरते पैसे कायम वेगळे ठेवावेत.

खर्चाचे थोडक्यात सांगतो. मासळी, नारळ, केळी आणि स्थानिक पालेभाजी मिळते. कांदा, बटाटा, डाळी आणि बाकीचे बहुतेक सामान मुख्य भूमीवरून येते, जहाज उशिरा आले की भाव चढतात. स्वस्तात राहता येईल या समजुतीने कोणी तिथे जाऊ नये. ज्वारी-बाजरीचे पीठ हवे तेव्हा मिळेल असे धरू नका.

आईवडिलांचे काय, याचे उत्तर माझ्याकडे तयार नाही, पण त्यांना ‘कायमचे जातो’ असे सांगण्याऐवजी, एका वर्षाचा भाडेकरार आणि पत्नीच्या रजेचे पत्र त्यांच्यासमोर ठेवावे. तुम्ही त्यांच्या नाराजीचे कारण पत्रात लिहिलेले नाही. ते विचारून घेतले आहे ना?

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई नोकरीनिमित्त पोर्ट ब्लेअरला राहायला चालले आहेत. तिथे भूकंप, त्सुनामी, मगरी आणि आदिवासी यांची भीती आहे असे शेजारी सांगतात. खरेच इतके धोक्याचे आहे का? — एक आई, कोल्हापूर

उत्तर : चारही गोष्टींची भीती एकाच मापाने मोजू नका. आदिवासींची तुमच्या मुलीला काहीही भीती नाही. भीती उलट त्यांना आपल्यापासून आहे. जारवा आणि इतर जमातींच्या रक्षणासाठी 1956 पासून स्वतंत्र कायदा आहे, त्यांच्या राखीव क्षेत्रात शिरणे किंवा त्यांची छायाचित्रे काढणे हा गुन्हा आहे. मुलगी-जावई उत्तरेकडे गाडीने निघाले, तर त्या रस्त्यावर वाहने ताफ्याने सोडतात आणि मध्ये थांबू देत नाहीत, एवढे त्यांना माहीत असावे. मगरी खाड्यांत आणि खारफुटीत आहेत. 2010 मध्ये हॅवलॉकच्या किनाऱ्याजवळ एका परदेशी तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यूही झाला, म्हणून पाण्यात उतरण्यास मनाई करणारा फलक जिथे असेल तिथे उतरू नये, आणि स्थानिक माणूस ज्या वेळी पाण्यात जात नाही त्या वेळी आपणही जाऊ नये.

भूकंपाची गोष्ट मात्र खरी आहे. ही बेटे भूकंपाच्या सर्वाधिक धोक्याच्या पट्ट्यात येतात. 26 डिसेंबर 2004 च्या भूकंपानंतर दक्षिण अंदमानची जमीन सुमारे एक मीटर खचली आणि सिप्पीघाटसारख्या ठिकाणची शेते कायमची खाऱ्या पाण्याखाली गेली. म्हणून घर घेताना ते चढावर असावे, 2004 च्या त्सुनामीचे पाणी कुठपर्यंत आले होते हे जुन्या रहिवाशांना विचारावे, आणि जोराचा धक्का बसला तर सूचनेची वाट न पाहता उंचावर जावे. पोर्ट ब्लेअर टेकड्यांवरचे शहर आहे, त्यामुळे असे घर मिळणे अवघड नाही. तुम्ही स्वतः त्यांच्याकडे जाणार असाल तर फेब्रुवारीत जा, आणि रक्तदाब किंवा मधुमेहाची औषधे परतीचे विमान चुकले तरी पुरतील इतकी बरोबर ठेवा.