६० आणि १०० मेगाहर्ट्झचे दोन जुने ॲनालॉग स्कोप (ऑसिलोस्कोप) आहेत, कॅलिब्रेट करायला टेक्ट्रॉनिक्सचा टाइप १०६ हा स्क्वेअर वेव्ह जनरेटर घेऊ की त्यांच्याच टीएम ५०० सीरीजचा पूर्ण सेट?

दोन्ही नको, टीएम ५०० मधला एकटा पीजी ५०६ (कॅलिब्रेशन जनरेटर) घ्या आणि त्याला चालवायला एक छोटा मेनफ्रेम, म्हणजे प्लगइन बसवायची वीजपुरवठ्याची पेटी. बाकीच्या सेटसाठी सध्या थांबलात तरी काही बिघडत नाही. आता का ते सांगतो, कारण टाइप १०६ पण काही वाईट मशीन नाही आणि तुम्हाला तो कोणीतरी सुचवलेला दिसतोय.

स्कोप कॅलिब्रेट करणं हे एक काम नाहीये. व्होल्ट्स/डिव्हिजन बरोबर आहे का, टाइमबेस (आडव्या अक्षावरचा वेळ) बरोबर आहे का, अटेन्युएटरचं (इनपुटचा सिग्नल लहान करणाऱ्या भागाचं) कॉम्पेन्सेशन नीट आहे का, फास्ट एज (झटकन चढणारी उडी) दिली की स्क्रीनवर कोपरा कसा दिसतो, आणि बँडविड्थ किती उरलीये, अशी बरीच वेगवेगळी कामं आहेत आणि म्हणूनच त्या सेटमध्ये तीन प्लगइन येतात: पीजी ५०६, टाइममार्कचा (नेमक्या अंतराने येणाऱ्या खुणांचा) टीजी ५०१ आणि लेव्हल्ड साइनचा (फ्रिक्वेन्सी बदलली तरी उंची न बदलणाऱ्या साइन वेव्हचा) एसजी ५०३. यातल्या टाइममार्कला पर्याय घरी बनतो, १० मेगाहर्ट्झचा बरा क्रिस्टल ऑसिलेटर आणि त्यापुढे दहाने भागणाऱ्या आयसींची रांग लावली की जुन्या स्कोपच्या २-३ टक्क्यांच्या स्पेकपुढे ते कितीतरी जास्त अचूक असतं. मार्क मधल्या आठ डिव्हिजनवर जुळतात का ते बघायचं, बस.

बँडविड्थसाठीही सुरुवातीला एसजी ५०३ लागतोच असं नाही. ०.३५ ला राइज टाइमने (एज १० वरून ९० टक्क्यांवर चढायला लागणाऱ्या वेळेने) भागा, अंदाज मिळतो. १०० मेगाहर्ट्झच्या स्कोपचा स्वतःचा राइज टाइम साधारण ३.५ नॅनोसेकंद, त्यात १ नॅनोसेकंदाची एज घातली तर स्क्रीनवर ३.६४ दिसेल, म्हणजे जेमतेम ४ टक्के फरक. हाच हिशोब २०० मेगाहर्ट्झला केला तर फरक १५ टक्क्यांवर जातो, त्यामुळे उद्या मोठा स्कोप घ्यायचा विचार असेल तर हे लक्षात ठेवा, पण आत्ताच्या दोघांसाठी १ नॅनोसेकंद पुरेसं आहे.

खरी अडचण अटेन्युएटरच्या कॉम्पेन्सेशनची. त्याला १ किलोहर्ट्झच्या आसपासची, सपाट डोक्याची आणि भरपूर मोठी स्क्वेअर वेव्ह लागते, कारण ५ व्होल्ट/डिव्हिजनवर पाच-सहा डिव्हिजन भरायचे म्हणजे २५-३० व्होल्ट हवेत आणि साधा फंक्शन जनरेटर तेवढं देत नाही. स्कोपच्या पुढच्या बाजूला जे प्रोब ॲडजस्टचं टर्मिनल असतं ते प्रोबसाठी ठीक, या कामाला नाही. इथे टाइप १०६ आणि पीजी ५०६ दोन्ही चालतात, १०६ तर टर्मिनेशन (५० ओहमचा लोड) नसताना १२० व्होल्टपर्यंत जातो, पीजी ५०६ चं हाय ॲम्प्लिट्यूड ६० पर्यंत. फास्ट एज दोघांचीही १ नॅनोसेकंदाच्या आतली. मग १०६ का नको? कारण त्याचं ॲम्प्लिट्यूड कॅलिब्रेटेड नाही, नॉब फिरवला की वेव्ह लहानमोठी होते पण नक्की किती व्होल्ट ते मशीन सांगत नाही, म्हणजे गेन सेट करायला परत वेगळा स्रोत शोधा. पीजी ५०६ चं स्टँडर्ड ॲम्प्लिट्यूड (हाय ॲम्प्लिट्यूडहून वेगळा मोड) २०० मायक्रोव्होल्टपासून १०० व्होल्टपर्यंत, ०.२५ टक्क्यात. आणि त्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे डेव्हिएशनचा नॉब: ट्रेस रेघेवर बरोबर बसेपर्यंत फिरवायचा आणि एरर किती टक्के ते समोर आकड्यात वाचायचं, डोळे बारीक करून पाव डिव्हिजन मोजत बसायला नको.

टेक्ट्रॉनिक्सच्याच टाइप २८४ या पल्स जनरेटरचा मोह होईल, ७० पिकोसेकंदाची एज आहे त्याची, पण ती टनेल डायोडवर आहे आणि तो डायोड गेला की दुसरा मिळणं महाकठीण. ॲनालॉग सर्किट डिझायनर जिम विल्यम्सचा २एन२३६९ ट्रान्झिस्टरवाला ॲव्हलांच पल्सर फावल्या वेळात जरूर बनवा, ३५० पिकोसेकंदाचा राइज टाइम मिळतो, मजा येते. फक्त त्याचा पल्स अरुंद असतो, सपाट डोकं नसतंच, त्यामुळे वेग मोजता येईल पण रिंगिंग आणि ओव्हरशूट स्कोपचं की पल्सरचं हे कळायचं नाही.

विकत घेताना मेनफ्रेमकडे नीट बघा. टीएम ५०० मध्ये सीरीज पास ट्रान्झिस्टर (सप्लायचं व्होल्टेज स्थिर ठेवणारे) मेनफ्रेममध्येच असतात, प्लगइन ते वापरतं, म्हणून "प्लगइन डेड आहे" असं सांगून विकलेलं युनिट कधीकधी चांगलं निघतं आणि उलटंही होतं. टँटलम कपॅसिटर शॉर्ट होणं हा या वयाच्या मशीनचा नेहमीचा आजार आहे, तो दुरुस्त होतो, घाबरू नका. स्विच अडखळत असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने हळुवार साफ करा. मेन्सचं व्होल्टेज जम्परने सेट होतं, प्लग लावायच्या आधी आत बघा. पुढे कधी एसजी ५०३ घेतलाच तर त्याची स्वतःची ५० ओहमची केबल सोबत आहे का ते विचारा, आउटपुटचा सपाटपणा त्या केबलच्या टोकालाच धरलेला आहे, दुसरी केबल लावली की ती हमी गेली.

फास्ट एजला स्कोपच्या इनपुटवरच ५० ओहमचा फीडथ्रू (केबल आणि इनपुटच्या मध्ये बसणारा) टर्मिनेटर लावा, टी-पीसवर लोंबकळणारा नको, नाहीतर जे रिफ्लेक्शन दिसेल ते स्कोपचं समजून तुम्ही उगाच ट्रिमर फिरवत बसाल. आणि पुढे ५० ओहम इनपुटवाला स्कोप आला तर पीजी ५०६ चा नॉब आधी खाली आणून मगच केबल जोडा, तसलं इनपुट साधारण ५ व्होल्टच झेलतं.

एक राहिलं, मशीन आलं की लगेच गेनचा प्रीसेट फिरवू नका. स्कोप २०-३० मिनिटं गरम होऊ द्या, सर्व्हिस मॅन्युअल उघडून आधी पॉवर सप्लायचे व्होल्टेज मोजा (सीआरटीला, म्हणजे स्क्रीनच्या नळीला, किलोव्होल्टमध्ये असतं, तिकडे हात नको), आणि ते मर्यादेत असतील तर त्यांना हलवूच नका, सप्लाय हलवला की पुढची सगळी ॲडजस्टमेंट पहिल्यापासून करावी लागते.