हेडनोट, रेशो, ऑबिटर, सायटेशन: लॉच्या पहिल्या वर्षाला आधी कोणता शब्द पक्का करावा?

तुम्ही लॉच्या पहिल्या वर्षाला आहात, निवाडे शोधताना हे चार शब्द सारखे आडवे येतात आणि आधी कुठला पक्का करू, असं विचारलंय. माझं उत्तर: ओव्हररूल्ड, म्हणजे नंतरच्या मोठ्या बेंचने चुकीचा ठरवलेला निवाडा. तो तुमच्या यादीतच नाही, म्हणून तर लिहायला बसले.

उत्तर रत्नागिरीतल्या एका तालुका कोर्टात मी चार वर्षं ज्युनियर होते. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात सरांच्या ऑफिसची कौलं उडाली, एआयआरचे (ऑल इंडिया रिपोर्टर, निवाड्यांचे) खंड भिजून पावासारखे फुगले. कोरडी राहिली ती लोखंडी कपाटातली झेरॉक्सची फाइल. पुढचं सगळं रामायण त्या फाइलीचं.

दावा वाटपाचा. वडिलोपार्जित कलमबाग, दोन भाऊ गावात, बहीण लग्न होऊन परळला. वडील २००२ साली वारलेले. आम्ही भावांकडून. सरांची सगळी भिस्त ‘प्रकाश विरुद्ध फुलवती’वर, (२०१६) २ एससीसी ३६. (सायटेशन म्हणजे एवढंच: वर्ष, खंड, रिपोर्टर म्हणजे निवाडे छापणारी मालिका, इथे ‘सुप्रीम कोर्ट केसेस’, आणि पान.) हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीचा (वडिलोपार्जित मिळकतीत मुलीलाही मुलासारखा हक्क) फायदा हवा तर ९ सप्टेंबर २००५ ला मुलगी आणि वडील दोघंही हयात पाहिजेत, असं त्यात म्हटलेलं. म्हणजे बहिणीला फक्त वडिलांच्या हिश्श्यातला तुकडा, भावांच्या बरोबरीने काही नाही.

जानेवारी २०२१ मध्ये युक्तिवादाची तारीख लागली. आदल्या रात्री मोबाइलवर बघते तर ११ ऑगस्ट २०२० लाच तीन न्यायमूर्तींच्या बेंचने ‘विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा’मध्ये फुलवती ओव्हररूल करून टाकलेला. मुलीचा हक्क जन्माने येतो, मग वडील त्या तारखेला होते की नव्हते याला महत्त्व नाही. हा त्यातला रेशो, म्हणजे निकाल ज्या तत्त्वावर उभा असतो ते. सरांना फोन लावला.

"हेडनोट वाच गो, सगळं आपल्याच बाजूचं आहे."

"सर, ती हेडनोट फुलवतीची आहे."

"मग आपण फुलवतीच दाखवतोय ना?"

दुसऱ्या दिवशी समोरच्या वकीलबाई युक्तिवादाला उभ्याही राहिल्या नाहीत धड, एक कागद पुढे सरकवला. साहेबांनी तो वाचला आणि विचारलं, "वकीलसाहेब, फुलवती आज गुड लॉ आहे का?" सर माझ्याकडे वळले. "मॅडमनी काढून दिलंय."

झेरॉक्स २०१६ ची. पिवळा हायलायटर त्यांचा. त्या वर्षी मी रत्नागिरीत सेकंड इयरला होते. मी काही बोलले नाही, मास्क होता ते बरं झालं. बाहेर व्हरांड्यात ती परळची बहीण, म्हणजे आमची प्रतिपक्ष, जवळ आली आणि बाटली पुढे करून म्हणाली, "बाय, पाणी पी."

तेव्हापासून हेडनोटवर माझा राग आहे. हेडनोट म्हणजे निवाड्याच्या डोक्यावर छापलेला सारांश; तो रिपोर्टरचे संपादक लिहितात, तो निवाड्याचा भाग नसतो. आणि नंतर त्या निवाड्याचं काय झालं हे २०१६ सालची हेडनोट कुठून सांगणार? निवाडा हातात आला की पहिलं काम, पुढे कुणी तो ओव्हररूल, डिस्टिंग्विश किंवा पर इन्क्युरियम ठरवलाय का ते बघायचं. इंडियन कानूनवर ‘साइटेड बाय’ दाबा, दोन मिनिटांचं काम. सुप्रीम कोर्टाचं ई-एससीआर तर फुकट आहे. डिस्टिंग्विश म्हणजे निवाडा जिवंत आहे, पण आपल्या प्रकरणाच्या वस्तुस्थितीला बसत नाही. पर इन्क्युरियम म्हणजे बंधनकारक कायदा किंवा निवाडा नजरेआड करून दिलेला. कोर्ट जाता जाता जे बोलतं आणि ज्याच्यावाचूनही निकाल तोच लागला असता ते ऑबिटर. पण सुप्रीम कोर्टाचं ऑबिटर तालुक्याच्या कोर्टात सहजासहजी झटकता येत नाही, हे परीक्षेत लिहा नाहीतर मार्क जातील.

बेंच किती जणांचं होतं तेही बघत जा. फुलवती दोघांचा, दानम्मा (याच प्रश्नावरचा २०१८ चा निवाडा) दोघांचाच आणि सूर वेगळा, म्हणून तर तिघांकडे गेलं.

आता थोडं सावरून घेते. विनीता शर्मा म्हणजे प्रत्येक बहिणीला सरसकट हिस्सा असं नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेलं वाटप तसंच राहतं. वडिलांची स्वकष्टार्जित मिळकत असेल तर हा प्रश्नच वेगळा. तोंडी वाटप मात्र सहजी मानू नका म्हणून सांगितलंय, आणि सरांनी त्याच दुपारी ‘१९९८ साली तोंडी वाटप झालं होतं’ हा मुद्दा काढला. शेवटी भावांनी तडजोड केली, बहिणीला रस्त्याकडची कलमं मिळाली.

सरांनी मला प्लीडिंग (दावा, कैफियत) लिहायला शिकवलं, तेवढं ऋण आहेच. पण सर, वाचत असाल तर ती झेरॉक्स माझ्याकडे आहे. वरच्या कोपऱ्यात तारखेसकट सही तुमची आहे.