संघटनात्मक नागरिकत्व वर्तणूक की संस्थाधर्म?

प्रश्न विचारणाऱ्या बाई सरकारी कर्मचाऱ्यांच्या कामावरच्या वागण्याबद्दल पीएचडी करत आहेत. 'ऑर्गनायझेशनल सिटिझनशिप बिहेवियर'साठी, म्हणजे नेमून दिलेल्या कामापलीकडे माणूस संस्थेसाठी आपणहून जे करतो त्यासाठी, त्यांनी 'संघटनात्मक नागरिकत्व वर्तणूक' असा प्रतिशब्द घेतला, आणि प्रश्नावली भरणाऱ्या काहींना तो प्रश्न युनियनबद्दलचा वाटला. याहून बरा शब्द आहे का, असं त्या विचारतात.

भरणाऱ्यांची यात काही चूक नाही. मराठीत नोकरदार माणसाला 'संघटना' म्हटलं की कर्मचारी संघटनाच आठवते: तिची वर्गणी, तिचं निवेदन, तिचा संप. 'तुमची संघटनात्मक बांधिलकी किती?' असं विचारलं तर तो युनियनवरच्या निष्ठेबद्दल उत्तर देईल, आणि संशोधकाच्या हाती नेमकं उलटं माप येईल. इथे 'संस्था' हवं.

'वर्तणूक' हा दुसरा खडा. हा शब्द नियमांच्या पुस्तकात राहून आलेला आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९, गैरवर्तणूक, चांगल्या वर्तणुकीचा दाखला, सगळीकडे कोणीतरी वरून तपासतंय असा भाव आहे. अभ्यासाच्या संज्ञेत साधं 'वर्तन' बरं.

राहता राहिलं 'नागरिकत्व', आणि खरी अडचण तिथेच आहे. कामावरच्या वर्तनाचे अमेरिकी अभ्यासक डेनिस ऑर्गन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये ही संज्ञा रूढ केली. १९८८ च्या पुस्तकात ऑर्गननी जी व्याख्या दिली तिचा आशय असा: माणूस आपणहून करतो, बक्षीस-बढतीच्या औपचारिक व्यवस्थेत ज्याची थेट दखल नसते, पण जे एकूण मिळून संस्थेचा कारभार सुरळीत ठेवतं, ते वर्तन. नव्याने रुजू झालेल्याला नोंदवही दाखवणं, सहकाऱ्याच्या टिपणीतली चूक ती वर जाण्याआधी त्याच्या कानावर घालणं. हे नसेल तर काय होतं ते 'नियमानुसार काम' आंदोलनात दिसतं. कोणी एकही नियम मोडत नाही, आणि तरी कामं तुंबतात.

इंग्रजीत 'सिटिझन' म्हणजे कायदा मागेल त्याहून थोडं जास्त देणारा माणूस, असा अर्थ त्या रूपकामागे आहे. मराठीतलं 'नागरिकत्व' मात्र मिळतं, जातं, रद्द होतं. तो दर्जा आहे, वागणं नव्हे. रूपक उचलून आणलं आणि त्यातला जीव तिकडेच राहिला.

मला वाटतं, आपल्याकडे याच अर्थाचा साचा तयार आहे: शेजारधर्म. तो कुठे लिहिलेला नसतो, पाळला नाही म्हणून तक्रार करता येत नाही, पाळल्याचे पैसे मिळत नाहीत, पण त्यावाचून वस्ती चालत नाही. त्या धर्तीवर मी 'संस्थाधर्म' सुचवीन. पहिल्या वापराला एका वाक्यात व्याख्या द्या, म्हणजे धार्मिक संस्थांशी घोटाळा होणार नाही.

'ऐच्छिक वर्तन' का नको, हेही सांगतो, कारण ते मलाही आधी सुचलं होतं. १९९७ मध्ये ऑर्गननी स्वतःच व्याख्या सैल केली आणि 'ऐच्छिक'वरचा भर काढून घेतला. पुढे इरान विगोदा-गादोत या सार्वजनिक प्रशासनाच्या अभ्यासकाने २००६ मध्ये याची काळी बाजू मांडली: वरिष्ठांच्या दबावाखाली करावं लागणारं जादा काम, वरून मात्र आपखुशीचं दिसणारं. साहेब नुसतं 'तेवढं बघून घ्या' म्हणतात. तो लेखी आदेश नसतो, पण नाही म्हणायची सोयही नसते. ही संकल्पना सरकारी कचेऱ्यांच्या अभ्यासाला टाळता येणार नाही. तिला 'सक्तीचं ऐच्छिक वर्तन' म्हणणार का? 'सक्तीचा संस्थाधर्म' म्हटलं तर शब्दातला ताण तसाच्या तसा ऐकू येतो.

आता प्रश्नावली. तिथे संज्ञा घालूच नका, फक्त वागणं विचारा, आणि तेही जपून. मूळ इंग्रजी मापनश्रेणीत, म्हणजे हे वर्तन मोजायच्या विधानांच्या यादीत, हजर नसलेल्यांना मदत करण्याबद्दल एक विधान आहे. त्याचं 'मी गैरहजर सहकाऱ्यांना मदत करतो' असं भाषांतर सहज होऊन जातं. पण कचेरीत 'गैरहजर' म्हणजे न सांगता दांडी मारणारा. त्याला मदत करतो, अशी कबुली कोण देईल? 'सहकारी रजेवर असेल तर त्याचं अडलेलं काम मी आपणहून करतो' असं लिहा. त्यातलं 'आपणहून' वगळू नका; ते नसेल तर साहेबांनी सोपवलेलं कामही त्यात मोजलं जाईल.