खांब आधी, भिंत नंतर

बाळा, अनेक आशीर्वाद.

नकाशा पाहिला. तीन खण, पुढे पडवी, वर कौलं. बेत मनापासून आवडला. पण खांब तू भिंतीत पुरले आहेस, आणि तिथेच माझा जीव अडकला.

माझ्या हातचं पहिलं घर असंच होतं. सातव्या पावसाळ्यात एका खांबाच्या बुडाशी सहज पटाशी, म्हणजे सुताराची छिन्नी, टोचली, ती मुठीपर्यंत आत गेली. वरून लाकूड ठणठणीत, आत वाळवीची माती. म्हणून सांगतो, जोत्यावर दगडी तळखडा, म्हणजे खांबाखालचा बैठकीचा दगड, बसव आणि खांब त्यावर उभा कर. भिंत मागून येऊ दे, खांबाची एक बाजू तरी उघडी राहू दे. वारा लागतो, वाळवीची मातीची नळी चढली तर वेळेत दिसते.

छपराचा भार खांबांवर आणि त्यांवरच्या आडव्या तुळयांवरच हवा. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे लातूरकडच्या किल्लारी भागातल्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती ढासळल्या, पण माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं, ओझं लाकडी सांगाड्यावर होतं अशा कित्येक घरांत खांब उभेच राहिले. त्या सांगाड्यांना तिरपे टेकू मात्र क्वचितच असत. तू प्रत्येक कोपऱ्यात घाल, दोन्ही दिशांना.

लाकडाची घाई करू नकोस. साग, फणस, ऐन, किंजळ, सगळी 1964च्या झाडे तोडण्याच्या कायद्यात येतात, म्हणजे आधी परवानगी. चिरलेलं लाकूड सावलीत, मध्ये पट्ट्या ठेवून रचायचं. इंचाला साधारण एक वर्ष धर. बाहेरचं फिकट लाकूड किडीला आवडतं, ते तासून टाक.

आता सांधा. खांबाच्या डोक्याला कुसू, म्हणजे तासून काढलेली बारीक जीभ, तुळईत त्याची खाच, आरपार लाकडी खुंटी. कुसवातलं भोक तुळईतल्या भोकापेक्षा अर्धं सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, खांद्याकडे, म्हणजे कुसू जिथे खांबाला मिळतो तिकडे, सरकवून पाड. खुंटी ठोकताना सांधा आपोआप आवळला जातो, लोखंडाचा खिळा लागत नाही. खुंटी वाळलेल्या बाभळीची घे. सगळा सांगाडा आधी जमिनीवर आडवा जुळवून बघ आणि प्रत्येक जोडीवर पटाशीने खूण कर, कारण हाताने केलेला एक सांधा दुसऱ्यात बसत नाही.

आढं, म्हणजे छपराच्या माथ्याची तुळई, चढवायचा दिवस ठरला की कळव. त्या दिवशी आठ-दहा माणसं लागतील. जेवणाची सोय आदल्या दिवशीच करून ठेव.