जुन्या घराच्या फणसाच्या खांबापासून पेन बनवता येईल का? फिनिश कोणतं द्यावं?

येईल. पेनाला शिसवच लागतं हे खरं नाही.

कुडाळजवळचं आमचं घर उतरवलं तेव्हा माजघरातला फणसाचा खांब सरपणात निघाला होता. आजी त्यालाच टेकून तांदूळ निवडायची. मी हातभर तुकडा मागून घेतला. वरून धुराने काळा, करवत लावली तर आत मधासारखा पिवळा. पहिल्या ब्लँकमध्ये, म्हणजे पेनासाठी कापलेल्या चौकोनी तुकड्यात, कंदिलाचा मोडका खिळा निघाला आणि पटाशीची धार गेली. तेव्हापासून जुन्या लाकडावर आधी लोहचुंबक फिरवतो. दुसऱ्याला ७ मिमीचं भोक एका दमात पाडलं. भुसा अडकला, लाकूड तापलं, ड्रिल बाहेर पडताना टोक फाटलं. तिसरा ब्लँक सेंटिमीटरभर लांब ठेवला, थोडं थोडं पाडत भुसा झाडला, फाटलेलं टोक नंतर कापलं. भोकात पेनाची पितळी नळी इपॉक्सीने (दोन भाग मिसळून लावायच्या गोंदाने) चिकटवून रात्रभर ठेवली. तो पेन आजही माझ्या खिशात आहे.

फिनिशवरून दादाशी माझा वाद झाला. तो म्हणाला, सुपरग्लूचे दहा थर दे, आरसा होईल. त्याच्यासाठी तसा एक केला. चमकला खरा, पण हाताला प्लास्टिक लागतं. आजीचा खांब कुठे गेला? माझ्या पेनाला ४०० नंबरपर्यंत पॉलिश पेपर मारला, शेवटचा हात लेथ (लाकूड फिरवत कातायचं यंत्र) थांबवून रेषांच्या दिशेने. मग मेण काढलेला चपडा, म्हणजे शुद्ध केलेली लाख, स्पिरिटमध्ये विरघळवून सात-आठ पातळ हात, फिरत्या लेथवर, कागदी रुमालाने. कापड वापरू नका, गुंतलं तर बोट जाईल. सावंतवाडीचे कारागीर फिरत्या खेळण्यावर लाखेची कांडी टेकवतात, घर्षणाच्या उष्णतेनेच ती वितळून बसते. लाख लाकडाला शोभते हे आपल्याकडे कुणी नव्याने सांगायला नको.

फणस उजेडाने गडद होतो. चार वर्षांत माझा पेन तपकिरी झालाय. दादाच्या पेनाचा थर निबेकडच्या कडेला सुटून पांढरट पडलाय, तरी तो ऐकत नाही.

एक मात्र आहे. सॅनिटायझर लागला की चपडा विरघळतो. दवाखान्यात वगैरे वापरायचा असेल तर सुपरग्लूच बरा, फक्त खिडक्या उघड्या ठेवा, वाफ डोळ्यांना झोंबते. आणि खांबाचा जमिनीलगतचा भाग घेऊ नका, ओल तिथेच मुरलेली असते.

दादा, वाचत असशील तर पेन घेऊन ये. थर खरवडून चपडा मी लावून देतो.